मुलींचं डिजिटल शिक्षण: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

मी संगणक शिकवते. माझ्या वर्गातली एकोणीस वर्षांची एक मुलगी एकदा स्प्रेडशीटमध्ये हिशेब उतरवत होती. चाळीसेक ओळी, प्रत्येक ओळीत एक रक्कम. आकडे तिने भराभर भरले. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर तिने फोन काढला, त्यातला कॅल्क्युलेटर उघडला, एकेक आकडा बघत बेरीज केली आणि आलेलं उत्तर तळाच्या चौकोनात टाइप केलं. उत्तर बरोबर होतं.

मी तिसऱ्या ओळीतली रक्कम बदलली. तळाची बेरीज जागची हलली नाही. तिने आधी बेरजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "म्हणजे आता पुन्हा सगळं करायचं?"

मुलगी हुशार होती, हे मुद्दाम सांगते. फोनवर दहा मिनिटांत व्हिडिओ कापून, जोडून, त्यावर संगीत आणि अक्षरं चढवून ती मोकळी व्हायची. मला ते आजही धड जमत नाही. पण स्प्रेडशीट म्हणजे तिच्या लेखी रेघा आखलेला एक कागद होता. चौकोनात बरोबरचं चिन्ह टाकून 'या ओळीपासून त्या ओळीपर्यंतची बेरीज कर' असं सांगता येतं, आणि एकदा सांगून ठेवलं की वरचे आकडे कितीही बदलले तरी बेरीज आपली आपण बदलते, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. दाखवल्यावर तिने वरचे आकडे सात-आठ वेळा उगाचच बदलले. नुसती ती बेरीज हलताना बघायला.

डिजिटल कौशल्य म्हणजे काय, हे समजायला मला एवढा प्रसंग पुरतो. यंत्रावर काम उरकणं वेगळं आणि यंत्राला काम सांगणं वेगळं. पहिलं फोन हातात आला की आपसूक येतं. दुसरं कुणीतरी शिकवावं लागतं, नाहीतर यंत्राशी तासन्‌तास खटपट करायची मोकळीक तरी लागते. मुलींचं घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा या मोकळिकीपाशी. आणि उद्याच्या नोकऱ्यांचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारावर उभा राहणार आहे.

आधी मोजायचं काय ते ठरवू

'तुला संगणक येतो का?' या प्रश्नाला काहीच अर्थ नाही. हो म्हणणाऱ्याला काय येतं ते कळत नाही आणि नाही म्हणणारी कधीकधी उगाच कमी लेखत असते. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची पद्धत मला म्हणूनच आवडते. तिथे येतं का असं न विचारता केलं का असं विचारतात. गेल्या तीन महिन्यांत एखादी फाइल इथून तिथे हलवली का? ईमेलला फाइल जोडून पाठवली का? स्प्रेडशीटमध्ये साधं सूत्र वापरलं का? एखादं सॉफ्टवेअर शोधून, उतरवून बसवलं का? नवं उपकरण जोडलं का? स्वतः प्रोग्राम लिहिला का? ही यादी घेऊन घरातल्या मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून विचारा. उत्तरांतून बरंच काही बाहेर येतं.

युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये 'डिजकॉम्प' नावाची चौकट आणली. तिच्यात पाच क्षेत्रं आणि २१ क्षमता आहेत. माहिती शोधून पारखणं, इतरांशी संवाद आणि मिळून काम, नवं काही तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचण आली तर ती सोडवणं ही ती पाच क्षेत्रं. माझ्या विद्यार्थिनीचा व्हिडिओ यातल्या तिसऱ्या खान्यात दिमाखात बसतो. पाचव्या खान्यात तिची पाटी जवळपास कोरी होती.

आता जगाचे आकडे. दूरसंचार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले ७० टक्के पुरुष इंटरनेट वापरतात आणि ६५ टक्के बायका. पाच टक्क्यांचा फरक म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण सरासरीत गरीब देश आणि तरुण मुली झाकल्या जातात. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात कमी उत्पन्नाच्या देशांतल्या १५ ते २४ वयोगटाचं चित्र आहे: तिथल्या ९० टक्के मुली इंटरनेटपासून दूर आहेत, मुलगे ७८ टक्के. म्हणजे दहांतली एक मुलगी ऑनलाइन, तर मुलग्यांत दहांतले दोघे. कौशल्यांचा हिशेब त्याच अहवालात ३२ देशांपुरता केला आहे. डिजिटल कौशल्यं असलेल्या दर १०० मुलग्यांमागे तशा मुली ६५ भरल्या.

त्या अहवालातली एक गोष्ट मात्र मला या सगळ्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाची वाटते. मुली शाळेत मुलग्यांच्या बरोबरीने शिकतात, वाचन-गणितात त्यांच्याइतक्याच किंवा त्यांच्यापुढे असतात, तिथेही डिजिटल कौशल्यांत त्या मागे राहिलेल्या दिसतात. शाळेची फी भरली, मुलगी पास झाली, म्हणजे हे आपोआप मागून येईल, अशी समजूत असेल तर ती इथे मोडते.

डोकं कमी पडतं का?

अजिबात नाही, आणि याला चांगला पुरावा आहे. आयसीआयएलएस नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. आठवीच्या वयाच्या मुलामुलींना संगणकासमोर बसवून कामं करायला देतात: माहिती शोधा, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा, ती नीट मांडा. या चाचणीत मुली सरासरीने मुलग्यांच्या पुढे असतात. २०१३ मध्ये होत्या, २०१८ मध्येही होत्या. मग त्याच मुलांना विचारलं जातं की प्रोग्राम लिहिणं, नेटवर्क जोडणं, वेबपान बनवणं अशी तांत्रिक कामं तुम्हाला कितपत जमतील असं वाटतं. इथे मुलगे जास्त छातीठोकपणे 'जमेल' म्हणतात.

हा आत्मविश्वास येतो कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी माणसांना लावला जायचा. आकडेमोड करणारी व्यक्ती म्हणजे कॉम्प्युटर, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामावर मोठ्या संख्येने बायका होत्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक हा अवाढव्य इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाला, तेव्हा त्याला गणितं घालून देणाऱ्या सहाही जणी अशाच आकडेमोड करणाऱ्यांतून निवडल्या होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिच्टरमन. गुप्ततेमुळे सुरुवातीला त्यांना यंत्राजवळ जायचीही परवानगी नव्हती. नुसते आराखडे समोर ठेवून त्या ते शिकल्या. प्रोग्राम म्हणजे तेव्हा जाडजूड तारा आणि खटके, या खाचेतून त्या खाचेत. फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर यंत्राचं प्रात्यक्षिक झालं, वाहवा झाली, आणि या सहा जणींची नावं पुढची कित्येक वर्षं कुणाला ठाऊकही नव्हती.

पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्याच संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी कंपायलरची पहिली आवृत्ती चालवून दाखवली. माणसाला समजेल अशा सूचना यंत्राच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तेव्हा मुलींचा आणि संगणकाचा काही संबंध नाही, असं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत १९८४ च्या सुमारास ३७ टक्के मुली होत्या. २०१० च्या आसपास हा आकडा १८ टक्क्यांपर्यंत घसरला. त्याच काळात वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात मुली वाढतच होत्या. म्हणजे मुलींना अवघड विषय झेपेनासे झाले होते, असं काही नाही.

झालं असं की ऐंशीच्या दशकात संगणक घरात आला, आणि तो मुलाच्या खोलीत गेला. जाहिराती मुलग्यांच्या, खेळ मुलग्यांचे. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यातही हेच निघालं: घरचा संगणक बऱ्याचदा मुलाच्या ताब्यात असायचा, आणि वडील त्याच्याबरोबर बसून खटपट करायचे. मुलगा विद्यापीठात आला तो शेकडो तासांची शिदोरी घेऊन. मुलगी आली ती चांगले गुण घेऊन. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी गृहीत धरलं की थोडंफार सगळ्यांना येतंच. शेजारचा मुलगा न बघता टाइप करतोय, असे शब्द वापरतोय जे तिने ऐकलेलेही नाहीत. तिला वाटलं, याला उपजतच येतं आणि मला येत नाही. तासांचा फरक तिने बुद्धीच्या खात्यावर मांडला. पुष्कळ प्राध्यापकांनीही तेच केलं, हे जास्त वाईट.

कार्नेगी मेलनने मग प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रामिंगला दिलं जाणारं वजन कमी केलं आणि अनुभव असलेल्या-नसलेल्यांसाठी सुरुवातीचे वेगवेगळे मार्ग ठेवले. नव्या तुकडीतलं मुलींचं प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होतं, ते २००० मध्ये ४२ टक्के झालं. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने पुढे असंच केलं. पहिल्या अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्या केल्या, एक आधी प्रोग्रामिंग केलेल्यांची आणि एक कधीच न केलेल्यांची. सगळं आधीच येणारा बोलघेवडा मुलगा वेगळ्या तुकडीत बसला की नव्याने शिकणाऱ्यांना श्वास घेता येतो, इतकी साधी ही युक्ती. अभ्यासक्रमाला कोरड्या प्रोग्रामिंगऐवजी विज्ञानातले प्रश्न सोडवण्याचं रूप दिलं. २००६ च्या सुमारास तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या. काही वर्षांत त्या ४० टक्क्यांवर गेल्या. मुली त्याच, बदलली ती दारातली पायरी.

तास जातात कुठे

तासांचा हिशेब गरीब घरात जास्त कडक होतो. युनिसेफने २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ५ ते १४ वर्षांच्या मुली घरकामावर त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात. जगभरच्या मुलींची बेरीज केली तर मुलग्यांपेक्षा रोज १६ कोटी तास जास्त. फोनचंही तेच. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात ४१ देशांची पाहणी आहे, त्यात घरातून मोबाइल मिळण्याची शक्यता मुलीपेक्षा मुलग्याला बरीच जास्त दिसते.

उसना फोन आणि स्वतःचा फोन यांतला फरक बाहेरून दिसत नाही, पण शिकण्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. उसन्या फोनवर माणूस नेमकं काम करतो आणि परत देतो. सेटिंगमध्ये शिरून 'हे दाबलं तर काय होतं' असं तो बघत नाही, कारण बिघडलं तर बोलणी बसतील. आणि 'हे दाबलं तर काय होतं' हाच तर डिजिटल शिक्षणाचा निम्मा अभ्यासक्रम आहे. ज्याला बिघडवायची मुभा असते तो दुरुस्त करायला शिकतो. मुलगा रेडिओ उघडून बसला की लोक कौतुकाने म्हणतात इंजिनिअर होणार. मुलीने उघडला तर आधी विचारतात, कुणी सांगितलं होतं?

याचा अर्थ मुलींना फोन वाटून टाकले की काम झालं, असा काढू नका. पेरूने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेखाली शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप दिले. तिथल्या ग्रामीण शाळांचा पद्धतशीर अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं संगणक जास्त वापरू लागली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. वस्तू वाटण्याचा फोटो चांगला येतो. शिक्षिकेला सहा महिने तयार करण्याचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे पैसा कुठे जातो ते सांगायला नको.

नोकऱ्यांचं काय होणार

जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२५ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांना विचारून अंदाज मांडला: २०३० पर्यंत जगात १७ कोटी नवी कामं तयार होतील आणि ९ कोटी २० लाख जातील. वजाबाकी केली तर ७ कोटी ८० लाखांची वाढ. बातम्यांत ही वजाबाकीच छापून येते. पण जाणारी कामं आणि येणारी कामं एकाच माणसाच्या वाट्याला येतील असं नाही, ही खरी मेख. मालकांच्या मते २०३० पर्यंत आजच्या कामातली ३९ टक्के मूळ कौशल्यं बदललेली असतील.

जाणारी कामं कोणती? डेटा एंट्री, टपालखात्यातली कारकुनी, बँकेच्या खिडकीवरचे कॅशियर. आता आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२५ चा अभ्यास बघा. मजकूर-चित्र तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा धक्का कुणाला किती, हे त्यात कामातल्या एकेका तुकड्यावरून काढलं आहे. सगळ्यांत जास्त धक्क्याच्या गटात जगातल्या नोकरदार बायकांपैकी ४.७ टक्के आणि पुरुषांपैकी २.४ टक्के येतात. श्रीमंत देशांत हेच आकडे ९.६ आणि ३.५. कारण सरळ आहे. टायपिंग, नोंदी, पत्रव्यवहार, वेळापत्रकं ही 'मुलींसाठी सुरक्षित, बैठी' म्हणून नावाजलेली कामं. आईबाप जी नोकरी सगळ्यांत बिनधोक समजत आले, नेमकी तीच आधी हलते आहे.

त्यामुळे मुलीला तीन महिन्यांचा टायपिंग आणि डेटा एंट्रीचा कोर्स लावून निश्चिंत होणाऱ्यांना मी एवढंच सांगते की टायपिंग शिकू द्या, ते लागतंच, पण तिथे थांबू नका. भरलेल्या आकड्यांतली चूक पकडणं, दोन तक्ते एकमेकांशी ताडून बघणं, आकड्यांवरून वरिष्ठांना दोन ओळींत सांगणं की काय चाललंय, ही त्यापुढची पायरी. नोंद यंत्र करेल. नोंद चुकली हे कुणाला तरी कळावं लागेल, आणि त्या माणसाचा पगारही बरा असतो.

अशी वेळ पूर्वीही आली होती. डोरोथी वॉन अमेरिकेच्या लँग्ली संशोधन केंद्रात १९४३ मध्ये आकडेमोड करायला लागल्या. १९४९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय महिला कॉम्प्युटर्सच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे केंद्रात इलेक्ट्रॉनिक संगणक आले. हाताने गणितं करणाऱ्या विभागाचं त्यानंतर काय होणार हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. वॉन फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या, आणि आपल्या सहकारी बायकांनाही त्यांनी शिकवली. १९५८ मध्ये नासा स्थापन झाल्यावर तो वेगळा विभाग बंद झाला, तेव्हा त्या नव्या संगणन विभागात काम करू लागल्या. मला त्यांची गोष्ट भावते ती शेवटच्या भागासाठी. एकट्या शिकून त्या बाजूला झाल्या नाहीत.

घरबसल्या काम, हा दुसरा मुद्दा नेहमी निघतो. इंटरनेटमुळे मुलींना घरातून कमावता येईल, वगैरे. ही कल्पनाही आजची नाही. ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मुलंबाळं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना घरून काम दिलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून प्रोग्राम लिहिले जायचे. गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पत्रांना बाईचं नाव बघून उत्तरं येईनात, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. मग उत्तरं यायला लागली. कंपनी पुढे खूप मोठी झाली. पण एक ध्यानात घ्या: त्या बायका आधीच पक्क्या प्रशिक्षित होत्या. कौशल्य आधी, घरून काम नंतर. हा क्रम उलटा केला की घरबसल्या मिळतं ते सगळ्यांत स्वस्त काम, आणि वर कुणीही काढून टाकू शकेल असं.

यंत्रं बनवणाऱ्यांत मुली नसल्या तर बिघडतं काय, असं विचारणारेही भेटतात. त्यांना मी ॲमेझॉनचं उदाहरण देते. कंपनीने नोकरीचे अर्ज चाळणारं एक सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं. त्याला शिकायला दिले मागच्या दहा वर्षांतले अर्ज, जे बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून धडा घेतला की पुरुष असणं चांगलं, आणि अर्जात 'महिला' शब्द दिसला, समजा महिला बुद्धिबळ संघाची कर्णधार, की ते गुण कापू लागलं. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला, आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही हकिगत छापली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन व्यावसायिक सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ही चूक शोधणाऱ्या दोघी स्वतः कृष्णवर्णीय आहेत. ज्याला बूट चावतो त्यालाच कळतं कुठे चावतो.

मग मुलीला शिकवायचं काय

पहिलं, शाळा सुटू द्यायची नाही. हे जुनाट वाटेल, पण जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासात माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या बायकांची कमाई अजिबात न शिकलेल्यांच्या जवळपास दुप्पट दिसते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारून उत्तर मिळवणं आता कुणालाही जमतं. आलेलं उत्तर चूक आहे हे ओळखायला मात्र सलग दोन पानं समजून वाचता आली पाहिजेत आणि टक्केवारी डोक्यात यायला हवी. ज्या मुलीला शेकडेवारी कळत नाही तिला कोडिंग, म्हणजे प्रोग्राम लिहिणं, शिकवणं म्हणजे पायाविना मजला.

दुसरं, फोनवरून संगणकावर यायचं. फोन बघण्यासाठी उत्तम आहे, पण कार्यालयातलं काम अजूनही कीबोर्डवर चालतं. फाइल कुठे साठवली, तिला नाव काय दिलं, ती पुन्हा कशी सापडेल, हे फोन आपल्यापासून लपवतो. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलींना 'फोल्डर' ही कल्पनाच नवी असते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आठवडाभर नुसत्या फाइली लावायला लावल्या तरी मला चालतं. मग ईमेल, विषयाच्या ओळीसकट. मग स्प्रेडशीट, भरपूर स्प्रेडशीट. एखाद्या कामाला एकच साधन शिकवायचं झालं तर मी हेच निवडेन, कारण आकडे, तर्क आणि 'यंत्राला सांगणं' हे तिन्ही त्यात आहे.

कोडिंग त्यानंतर. लहान मुलींना स्क्रॅच, मोठ्यांना पायथन. या दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा फुकट आहेत. सगळ्यांनी प्रोग्रामर व्हावं असं मुळीच नाही. नर्स, हिशेबनीस, प्रयोगशाळेतली सहायक, शेतीची सल्लागार, या सगळ्यांच्या कामात आता एक डिजिटल थर आलेला आहे आणि तिथे फक्त इतकं लागतं की यंत्रापुढे घाबरून बसायचं नाही. तीन दिवसांच्या कोडिंग शिबिरांबद्दल मला फारसं प्रेम नाही. प्रमाणपत्र मिळतं, चौथ्या दिवशी संगणक मिळत नाही. आठवड्यातून दोन तास, पण वर्षभर, हे कितीतरी बरं.

सुरक्षिततेचा भाग सगळ्यात शेवटी ठेवतात, किंवा पोलिसी भाषेत भीती घालून उरकतात. मला तो वेगळा वाटतो. मुलीला ऑनलाइन कुणी त्रास दिला तर पहिला विचार तिच्या मनात कोणता येतो? 'घरी सांगितलं तर फोन जाईल.' म्हणून ती सांगत नाही, आणि त्रास देणारा नेमका यावरच जगतो. घरच्यांनी आधीच शब्द देऊन ठेवावा की काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही. हा शब्द कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाचा. बाकी गोष्टी शिकवता येतात: प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवणं, ओटीपी कुणालाही न सांगणं, आणि धमकीचा संदेश आला तर चिडून पुसून न टाकता आधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवणं, मग ब्लॉक करणं. पुसलेला पुरावा परत आणताना नाकी नऊ येतात.

एक बारीकशी गोष्ट राहिली. संगणक कमी आणि मुलं जास्त, म्हणून बहुतेक ठिकाणी एका यंत्रावर दोघं बसतात. माझ्याकडेही बसायचे. मुलगा आणि मुलगी एकत्र असले तर माउस कुणाच्या हातात असायचा हे तुम्ही ओळखलंच असेल. मुलगी शेजारी बसून वहीत लिहून घ्यायची. तिची वही सुरेख, परीक्षेत गुणही छान, आणि कीबोर्डवरचा वेळ शून्य. हे माझ्या लक्षात यायला लाजिरवाणा वेळ लागला, कारण वर्ग शांत होता आणि सगळ्यांची कामं पूर्ण होत होती.

मग मी भिंतीवर घड्याळ लावलं आणि नियम केला: दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायची, काम अर्धवट असलं तरी. पहिले काही आठवडे मला प्रत्येक वेळी ओरडावं लागायचं. मुलगे 'एकच मिनिट, मॅडम' म्हणायचे आणि मुली 'राहू दे त्याला, होतंय त्याचं' म्हणायच्या. हे दुसरं ऐकून मला पहिल्यापेक्षा जास्त राग यायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते, घड्याळाकडे लक्ष नव्हतं. मागून आवाज आला, "ऊठ. सोळा मिनिटं झाली."